थांबलेली माणसे, धावती गाडी : ओ. विन्स्टन लिंक यांच्या रेल्वे-छायाचित्रांची समीक्षा

प्रस्तावना

रेल्वेचे छायाचित्र पाहताना आपली नजर प्रथम इंजिनावर जाते. इंजिन कोणत्या बनावटीचे, ते किती वेगात आहे, धूर कोणत्या दिशेला जातो आहे, हे आपण आधी पाहतो. छायाचित्रात माणसे असतील तर ती नंतर दिसतात. रेल्वेप्रेमी छायाचित्रकारांची परंपराही बराच काळ अशीच होती. ल्युशस बीबी यांचे ‘हाय आयर्न’ हे पुस्तक १९३८ साली आले. त्यांच्यासारख्या छायाचित्रकारांमुळे अमेरिकेत एक ठरावीक मांडणी रूढ झाली : भरपूर ऊन, रुळांच्या बाजूला उभा असलेला छायाचित्रकार आणि समोरून तिरपे येणारे इंजिन.

ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात ही मांडणी मोडली. त्यांनी गाड्यांची छायाचित्रे मुख्यतः रात्री, मोठ्या आकाराच्या फिल्मवर आणि स्वतः उभारलेल्या प्रकाशात काढली. ‘वाफेच्या इंजिनांच्या अखेरच्या दिवसांची नोंद’ असे या कामाचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

या पाठात आपण एक वेगळा मुद्दा मांडणार आहोत. मोठा कॅमेरा धावत्या गाडीला थांबवू शकत नाही, पण गाडीभोवतीच्या माणसांना मात्र त्याला थांबवावेच लागते. त्यामुळे अशा छायाचित्राची पारख करताना ‘हे खरे की मांडलेले?’ या प्रश्नापेक्षा ‘थांबायला कोणाला सांगितले गेले आणि कोणाला नाही?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. लिंक यांच्या कामाचे मोठेपण आणि त्याची मर्यादा, दोन्ही या प्रश्नातून दिसतात.

मोठ्या कॅमेऱ्याची शिस्त

समीक्षेकडे वळण्यापूर्वी साधनाची ओळख करून घेऊ. लार्ज फॉरमॅट म्हणजे ज्यात फिल्मचे रीळ नसते आणि सुटे ताव वापरले जातात, असा कॅमेरा. लिंक यांच्या कॅमेऱ्यातील ताव ४ × ५ इंचांचा होता. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील एका चौकटीच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे पंधरा पट भरते. म्हणूनच मोठा छाप काढला तरी दूरच्या पाटीवरची अक्षरे आणि विजेच्या तारा स्पष्ट राहतात.

या स्पष्टतेची किंमत मोजावी लागते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा. मागच्या दुधी काचेवर उलटी प्रतिमा दिसते. डोक्यावर काळे कापड घेऊन ती पाहायची आणि भिंग पुढेमागे सरकवून फोकस जुळवायचा. मग शटर बंद करून काचेच्या जागी फिल्मचा होल्डर घालायचा आणि त्यावरचे झाकण ओढून काढायचे. त्या क्षणापासून छायाचित्रकाराला भिंगातून काहीच दिसत नाही. गाडी ठरलेल्या जागी आली की शटर दाबायचे. दुसरा ताव लावेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. एका गाडीला एका कॅमेऱ्याने एकच संधी मिळते. लिंक म्हणूनच काही वेळा एकाच जागी एकापेक्षा जास्त कॅमेरे लावत.

आता वेगाचा हिशेब पाहू. ताशी ९६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २७ मीटर पुढे सरकते. शटर एक शतांश सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात ती २७ सेंटिमीटर सरकते. कॅमेऱ्यासमोरून आडव्या जाणाऱ्या गाडीची रेषा यामुळे पुसट होते. थोड्या तिरप्या कोनातून येणाऱ्या गाडीचे सरकणे कमी जाणवते. जवळच्या माणसापासून दूरच्या गाडीपर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल तर ॲपर्चर लहान ठेवावे लागते. ॲपर्चर लहान आणि शटर जलद म्हटल्यावर प्रकाश प्रचंड लागतो. रात्री तो कोठून आणायचा? दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की मिळणारा प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. त्यातही वाफेचे इंजिन काळे असते, म्हणजे पडलेला बराचसा प्रकाश ते शोषून घेते.

लिंक यांचे उत्तर होते फ्लॅश बल्ब. या बल्बमध्ये बारीक धातू ऑक्सिजनमध्ये क्षणभर भडकून जळतो. एकदा वापरलेला बल्ब पुन्हा पेटत नाही. लिंक असे कित्येक बल्ब परावर्तकांसह दृश्यात ठिकठिकाणी लावत, तारांनी जोडत आणि शटर उघडताना एकदम पेटवत. एका छायाचित्राच्या तयारीत अनेक तास जात. मदतीला बहुधा एखाददुसरा सहकारीच असे.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. या पद्धतीत योगायोगाला फार कमी जागा आहे. माणूस कोठे उभा राहील, कोणाच्या चेहऱ्यावर प्रकाश पडेल, अंधारात काय राहील, हे सगळे गाडी येण्याआधी ठरलेले असते. छोटा कॅमेरा घेऊन हिंडणारा छायाचित्रकार घडणारा प्रसंग टिपतो. लिंक यांना प्रसंगाची सगळी तयारी करून गाडीची वाट पाहत बसावे लागे.

नॉरफोक अँड वेस्टर्न

लिंक यांचा जन्म १९१४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पण पोटापाण्यासाठी व्यावसायिक छायाचित्रणाचा मार्ग धरला. कारखाने आणि कंपन्यांसाठी जाहिरातीची व प्रसिद्धीची छायाचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय होता. जानेवारी १९५५ मध्ये अशाच एका कामासाठी ते व्हर्जिनिया राज्यातील स्टँटन या गावी गेले होते. तेथून जवळच्या वेन्सबरो येथे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची गाडी पाहायला ते गेले आणि तेथेच त्यांनी या मालिकेतील पहिले रात्रीचे छायाचित्र काढले.

त्या वेळी अमेरिकेतील मोठ्या रेल्वे कंपन्या डिझेलकडे वळल्या होत्या. नॉरफोक अँड वेस्टर्न ही वाफेवर टिकून राहिलेली शेवटची मोठी कंपनी होती. त्याचे कारण सरळ आहे : तिचा मुख्य धंदा पश्चिम व्हर्जिनियातील कोळसा वाहण्याचा होता, आणि रोअनोक येथील स्वतःच्या कारखान्यात ती स्वतःची इंजिने बांधत असे. पण १९५५ सालीच या कंपनीतही डिझेलचा प्रवेश झाला आणि १९६० साली वाफेची वाहतूक थांबली.

लिंक यांनी कंपनीकडे परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्यामुळे त्यांना रुळांच्या कडेला, लोकोशेडमध्ये आणि स्थानकांत काम करता आले. पाच वर्षांत सुमारे वीस फेऱ्या करून त्यांनी जवळपास २,४०० निगेटिव्ह तयार केल्या. हा खर्च त्यांनी स्वतः केला. कंपनीने त्यांना कामावर ठेवलेले नव्हते. यासोबत त्यांनी गाड्यांच्या आवाजांचे ध्वनिमुद्रणही केले आणि ‘साउंड्स ऑफ स्टीम रेलरोडिंग’ या नावाने त्याच्या तबकड्या काढल्या.

रात्र का निवडली?

सूर्य आपल्याला हलवता येत नाही आणि रूळही हलवता येत नाहीत, म्हणून प्रकाशच आपण आणायचा, अशा आशयाचे स्पष्टीकरण लिंक देत असत. तांत्रिक दृष्टीने ते पटण्यासारखे आहे. दिवसा छायाचित्रकाराला मिळेल तो प्रकाश स्वीकारावा लागतो. रात्री कोरी पाटी मिळते. जेथे दिवा लावू तेवढेच जग अस्तित्वात येते. शिवाय पांढरी वाफ काळ्या आकाशावर उजळून निघते. दिवसा जी वाफ आभाळात मिसळून जाते, तिलाच रात्री आकार येतो.

पण याचा दुसरा अर्थही पाहिला पाहिजे. जेथे दिवा लावला नाही तेथे काहीच उरत नाही. रात्र अनावश्यक तपशील झाकते, त्यासोबत गैरसोयीचे तपशीलही झाकते. जाहिरातीच्या छायाचित्रणाचा नियमच असा की, पाहणाऱ्याला एका नजरेत सांगायचे ते कळले पाहिजे आणि बाकीचे मागे पडले पाहिजे. लिंक यांनी ही शिस्त आपल्या व्यवसायातून रेल्वेच्या कामात आणली. त्यांची छायाचित्रे लगेच कळतात आणि मनात राहतात, त्याचे हे एक कारण आहे. सावधपणे वाचण्याची गरजही त्यातूनच निर्माण होते.

‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ : मांडणी आणि खरेपणा

आता एका छायाचित्राचे सविस्तर वाचन करू. ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे लिंक यांचे सर्वांत गाजलेले छायाचित्र ऑगस्ट १९५६ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील येगर या गावी काढलेले आहे. स्थळ आहे मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे उघडे चित्रपटगृह, म्हणजे ड्राइव्ह-इन. मोटारींच्या रांगा पडद्याकडे तोंड करून उभ्या आहेत. अगदी पुढे उघड्या मोटारीत एक तरुण आणि एक तरुणी आपल्याकडे पाठ करून बसली आहेत. पडद्यावर एक जेट विमान आहे. आणि मागच्या रुळांवरून, पांढऱ्या वाफेचा लोट सोडत, मालगाडीचे इंजिन चालले आहे.

हे दृश्य किती मांडलेले आहे ते पाहा. ती मोटार लिंक यांची स्वतःची होती आणि त्या जोडीला त्यांनीच तेथे बसवले होते. चाळीसहून अधिक फ्लॅश बल्ब एकदम पेटवले गेले. त्या झगमगाटात चित्रपटाचा पडदा कोरा पांढरा पडला. म्हणून पडद्यावरच्या विमानाची प्रतिमा दुसऱ्या निगेटिव्हवरून नंतर छापात बसवण्यात आली.

अनेक विद्यार्थी हे समजल्यावर निराश होतात. ‘मग हे छायाचित्र खोटे आहे का?’ असे विचारतात. या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. विमान जोडले नसते तर पडदा पांढरा दिसला असता, आणि तोही खोटाच ठरला असता. कारण प्रत्यक्ष तेथे बसलेल्या माणसाला पांढरा पडदा दिसत नव्हता, चित्रपट दिसत होता. फ्लॅशने पुसलेली गोष्ट हाताने परत आणली, एवढेच येथे घडले. अर्थात कोणती चौकट परत आणायची, याची निवड लिंक यांची होती. त्यांनी विमानाची चौकट निवडली, म्हणून वाफेचे इंजिन, मोटार आणि जेट विमान अशा वाहतुकीच्या तीन पिढ्या एका चित्रात आल्या. ही निवड म्हणजे लिंक यांचे विधान आहे.

ते विधान काय आहे? चित्रातील एकही माणूस गाडीकडे पाहत नाही. सगळ्यांच्या नजरा पडद्याकडे आहेत. एवढे अवाढव्य इंजिन शेजारून चालले आहे आणि कोणाला त्याचे काही नाही. ज्यांच्या दारावरून रोज गाडी जाते त्यांना ती दिसेनाशी होते, हा अनुभव रुळांजवळ राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतो. पाहुणा दचकतो, घरचा माणूस बोलणे थोडे थांबवतो आणि पुढे चालू ठेवतो. मांडलेल्या चित्रातून लिंक यांनी न मांडता येणारी एक गोष्ट पकडली : सवय. ती जवळ असते तोवर कोणी तिची नोंद घेत नाही, आणि नोंद घेण्याची वेळ येते तेव्हा ती जाण्याच्या बेतात असते.

हाच धागा त्यांच्या इतर छायाचित्रांत आहे. लिथिया येथील छायाचित्रात घराची बैठकीची खोली आहे आणि खिडकीबाहेर गाडी. लुरे येथील छायाचित्रात मुले रात्री ओढ्यात डुंबत आहेत आणि वरच्या पुलावरून गाडी जाते आहे. रेल्वे-छायाचित्रणात इतके दिवस दुय्यम असलेली गोष्ट, म्हणजे रुळांशेजारचे जगणे, लिंक यांनी चित्राच्या मध्यभागी आणली. पाच वर्षांच्या या कामातील सर्वांत टिकाऊ भाग आम्हांला हाच वाटतो. इंजिनांची उत्तम छायाचित्रे इतरांनीही काढली. पण गाडीचा शेजार असा कोणी दाखवला नव्हता. आणि हे मोठ्या कॅमेऱ्यामुळे शक्य झाले, कारण त्या कॅमेऱ्याने लिंक यांना लोकांच्या घरात जाऊन, त्यांच्याशी बोलून, त्यांचा वेळ मागण्यास भाग पाडले. चोरून टिपलेल्या छायाचित्रात संमतीची गरज नसते. येथे प्रत्येक चित्राच्या मागे एक बोलणे आणि एक होकार आहे.

कोण थांबले? एक जुने उदाहरण

होकार आला की पुढचा प्रश्न येतो : विचारले कोणाला? हा प्रश्न लिंक यांच्यापासून सुरू होत नाही. रेल्वे आणि मोठा कॅमेरा यांचे नाते त्यांच्याहून ऐंशीहून अधिक वर्षे जुने आहे.

१० मे १८६९ रोजी युटा प्रदेशातील प्रोमॉन्टरी समिट येथे अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. युनियन पॅसिफिक कंपनीसाठी काम करणाऱ्या अँड्र्यू जे. रसेल यांनी त्या दिवशी मोठ्या काचेच्या निगेटिव्हवर एक छायाचित्र काढले. दोन इंजिने समोरासमोर उभी आहेत, त्यांच्यावर आणि भोवती माणसांची गर्दी आहे, आणि मधोमध दोन्ही कंपन्यांचे मुख्य अभियंते हस्तांदोलन करत आहेत. ओल्या काचेच्या त्या तंत्रात हललेला माणूस पुसट होत असे, म्हणून एवढ्या गर्दीला स्थिर उभे राहावे लागले. हे छायाचित्र अमेरिकेच्या शालेय पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले.

पश्चिमेकडून आलेला मार्ग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला. त्यासाठी दहा हजारांहून अधिक चिनी मजूर राबले होते. सिएरा नेवाडाच्या खडकांतून बोगदे खोदण्याचे काम प्रामुख्याने त्यांचे. पण रसेल यांच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात चिनी चेहरे जवळजवळ नाहीत. ज्यांना ‘असेच उभे राहा’ असे सांगण्यात आले, त्यांच्यात ते मोजले गेले नाहीत. २०१४ साली कॉर्की ली या चिनी-अमेरिकन छायाचित्रकाराने त्याच ठिकाणी आशियाई वंशाच्या अमेरिकनांना, त्यांत त्या मजुरांच्या वंशजांनाही, एकत्र उभे करून ते छायाचित्र पुन्हा काढले. ही समीक्षाच होती. फक्त ती लेखणीने न करता कॅमेऱ्याने केलेली होती. जुने छायाचित्र खोटे होते असे ली यांनी म्हटले नाही. त्यात कोण नव्हते ते त्यांनी दाखवले.

चौकटीबाहेरचे येगर

ही कसोटी आता लिंक यांना लावू. येगर हे गाव मॅकडॉवेल काउंटीत आहे. हा कोळशाचा प्रदेश आहे, आणि ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’मधील रेल्वेचे उत्पन्न याच कोळशावर उभे होते. १९५० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या सुमारे ९९ हजार होती. १९६० मध्ये ती सुमारे ७१ हजार झाली. दहा वर्षांत चारांतील एकाहून अधिक माणूस कमी झाला. खाणींत यंत्रे आली, हातांची गरज कमी झाली आणि कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर पडली.

म्हणजे लिंक ज्या पाच वर्षांत छायाचित्रे काढत होते, त्याच काळात येथून दोन गोष्टी जात होत्या : वाफेची इंजिने आणि माणसे. पहिल्या गोष्टीचा शोक त्यांच्या चित्रांत सर्वत्र आहे. दुसरीचा मागमूस फारसा नाही. ड्राइव्ह-इनमधील ती तरुण जोडी पाहून असे वाटते की गाडी गेली तरी ही माणसे येथेच राहणार आहेत. वस्तुस्थिती याच्या उलट होती. रूळ राहिले, कोळशाच्या गाड्या डिझेलवर चालत राहिल्या. लोकच निघून गेले.

दुसरी अनुपस्थिती वर्णाची आहे. हा काळ अमेरिकेच्या दक्षिणेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा आहे. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९५४ साली आला. व्हर्जिनियाच्या राजकीय नेतृत्वाने त्याला संघटित विरोध केला आणि १९५८ मध्ये काही सरकारी शाळांना कुलपे लावली. कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांनी एकत्र पोहणे हीसुद्धा दक्षिणेत वादाची गोष्ट होती. लिंक यांच्या ज्या चित्रांनी ‘रेल्वेशेजारची अमेरिका’ ही कल्पना लोकांच्या मनात पक्की केली, त्या ड्राइव्ह-इन आणि ओढ्याच्या चित्रांत दिसणारी माणसे गोरी आहेत. हा समाज एकसंध आणि निवांत होता, असा समज त्यातून तयार होतो.

लिंक हे समाजशास्त्रज्ञ नव्हते, त्यांनी दुसऱ्या प्रकारचे छायाचित्रकार व्हायला हवे होते अशी मागणी करणे योग्य नाही, हा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. पण आपला प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. वाचक आज या चित्रांकडे इतिहास म्हणून पाहतो. १९८३ नंतर प्रदर्शने भरली, १९८७ साली ‘स्टीम, स्टील अँड स्टार्स’ हे पुस्तक निघाले, २००४ साली रोअनोकच्या जुन्या स्थानकात लिंक यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. म्हणजे ही चित्रे काढली गेली पन्नाशीच्या दशकात, पण त्यांना मोठा प्रेक्षक मिळाला जवळपास पाव शतकानंतर, जेव्हा तो काळ ओढीने आठवला जाऊ लागला होता. त्या ओढीला ही चित्रे फार सोयीची ठरतात. समीक्षकाचे काम ही सोय थोडी कमी करण्याचे आहे.

कामगारांची चित्रे

हे म्हणतानाच लिंक यांच्या बाजूचा एक भक्कम पुरावा मांडला पाहिजे. त्यांनी फक्त धावत्या गाड्या टिपल्या नाहीत. रोअनोकच्या लोकोशेडमध्ये इंजिन धुणारे कामगार, इंजिनात वंगण घालणारे कामगार, स्थानकातील कर्मचारी, गाडीचे गार्ड यांनाही त्यांनी तेवढ्याच काळजीने प्रकाश दिला.

या चित्रांचे महत्त्व समजण्यासाठी वाफेचे इंजिन कसे राबवले जाते हे ध्यानात घ्यावे. त्याला कोळसा आणि पाणी भरावे लागते, राख काढावी लागते, बॉयलर वेळोवेळी आतून धुवावा लागतो, असंख्य सांध्यांना तेल द्यावे लागते. एका इंजिनामागे शेडमध्ये कितीतरी हात लागतात. डिझेल इंजिनाला यातले बहुतेक काम लागत नाही, आणि कंपन्या डिझेलकडे वळल्या त्याचे हे एक मोठे कारण होते. म्हणून इंजिन धुण्याचे चित्र हे इंजिनाचे जितके आहे तितकेच एका नाहीशा होणाऱ्या रोजगाराचे आहे. येथे लिंक यांनी ज्यांना थांबायला सांगितले त्यांचेच काम संपत आले होते. गाडीशेजारच्या निवांत कुटुंबांपेक्षा ही चित्रे आम्हांला अधिक खोल वाटतात. ती कमी गाजली, हे त्यांच्या गुणवत्तेपेक्षा प्रेक्षकांच्या आवडीबद्दल जास्त सांगते.

दिवसाउजेडीचे एक चित्र

शेवटी रात्रीच्या बाहेरचे एक उदाहरण पाहू. १९५६ साली व्हर्जिनियातील ग्रीन कोव्ह या छोट्या डोंगरी स्थानकावर लिंक यांनी दिवसा एक छायाचित्र काढले. गाडीला जुंपलेली मॉड नावाची घोडी मान खाली घालून उभी आहे आणि स्थानकात वाफेचे इंजिन येते आहे. चित्राचे नाव ‘मॉड बाउज टु द व्हर्जिनिया क्रीपर’ असे आहे. म्हणजे मॉड गाडीला वाकून नमस्कार करते आहे. व्हर्जिनिया क्रीपर हे त्या शाखेवरील गाडीचे लोकांनी ठेवलेले नाव होते.

येथे फ्लॅशची आतषबाजी नाही. घोडीचे वाकणे काही क्षणांचेच असणार, आणि कॅमेरा तर एकाच संधीचा. घोडीला ‘थांब’ असे कोणी समजावून सांगू शकत नाही, त्यामुळे लिंक यांचा नेहमीचा ताबा येथे सुटला आहे. घोड्यांची जागा रेल्वेने घेतली होती. आता त्याच रेल्वेच्या वाफेची पाळी आली आहे. जिची जागा गेली ती, ज्याची जागा जाणार आहे त्याला नमस्कार करते आहे. घोडी बहुधा नुसती मान खाली घालून उभी असेल. नमस्कार शीर्षकाने घडवला आहे. पुढे ही शाखाही बंद झाली आणि आज त्या मार्गावर पायी व सायकलने फिरण्याची वाट आहे.

समारोप

लिंक यांच्या छायाचित्रांचे मूल्यमापन तीन पायऱ्यांनी करता येते. पहिली, तंत्राची : मोठ्या फिल्मने आणि एकदाच पेटणाऱ्या बल्बनी त्यांना सगळे आधी ठरवण्यास भाग पाडले आणि त्यांनी त्या बंधनातून स्वतःची भाषा घडवली. दुसरी, खरेपणाची : मांडलेले चित्र आपोआप खोटे ठरत नाही, ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ मांडलेले आहे, आणि गाडीशेजारी राहण्याच्या सवयीबद्दल ते खरे बोलते. तिसरी, अनुपस्थितीची : ज्या चित्रात प्रत्येकाला विचारून उभे केले जाते, त्यात न विचारलेल्यांची गैरहजेरी अपघात मानता येत नाही. छोट्या कॅमेऱ्याने टिपलेल्या गर्दीत कोणी राहून गेला तर तो योगायोग असू शकतो. मोठ्या कॅमेऱ्याला ती सबब नाही.

ही तिसरी पायरी फक्त अमेरिकेच्या छायाचित्रांसाठी नाही. आपल्या गावातील स्थानकाच्या, कारखान्याच्या किंवा महाविद्यालयाच्या जुन्या समूह-छायाचित्रांत पहिल्या रांगेत खुर्च्यांवर कोण बसले आहे, मागे कोण उभे आहे, आणि त्या दिवशी तेथे काम करत असूनही चौकटीत कोण आलेच नाही, हे शोधून पाहावे. लिंक यांनी थांबवलेली माणसे आजही त्या काळ्या रात्रीत उजळून बसली आहेत, हे त्यांचे देणे आहे. उरलेल्यांना शोधण्याचे काम पाहणाऱ्याचे आहे.

स्वाध्याय

१. लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या मर्यादांचा लिंक यांच्या मांडणीवर झालेला परिणाम उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’मधील पडद्यावरची प्रतिमा नंतर बसवलेली आहे. यामुळे त्याचे दस्तऐवज म्हणून मूल्य कमी होते का? तुमचे मत कारणांसह मांडा.

३. रसेल यांचे १८६९ चे छायाचित्र आणि कॉर्की ली यांनी २०१४ मध्ये काढलेले छायाचित्र यांची तुलना करून ‘छायाचित्रातून केलेली समीक्षा’ ही कल्पना स्पष्ट करा.

४. तुमच्या परिसरातील एखादे जुने समूह-छायाचित्र निवडा. त्यात कोण आहे आणि कोण नाही, याविषयी घरातील किंवा गावातील ज्येष्ठ व्यक्तींशी बोलून ३०० शब्दांचे टिपण लिहा.